परमुलखातला नाताळ

डिसेंबर अर्धा सरला म्हणजे आमच्या भूमसारख्या तालुक्याच्या गावीही हल्ली एक नवी लगबग दृष्टीस पडू लागते. दिवाळी आटोपून ऊसतोडीच्या टोळ्या पोराबाळांसह कारखान्यांकडे केव्हाच रवाना झालेल्या असतात, रानात ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, खव्याच्या भट्ट्या पहाटेपासून धुमसत असतात. आणि त्याच दिवसांत, ज्या घरांतील मुले शिकूनसवरून पुण्यास व तेथून पुढे समुद्रापलीकडे गेली आहेत त्या घरांतील वडीलधारी मंडळी पासपोर्टची मुदत तपासू लागतात, लोकरी बंड्या आणि कानटोप्या घेण्यासाठी बार्शी किंवा सोलापूर गाठतात. ज्यांचे परदेशी कोणी नाही असेही काही सुखवस्तू गृहस्थ, सहल कंपन्यांच्या पानभर जाहिरातींना भुलून, दुबई, सिंगापूर किंवा बँकॉकची वारी ठरवून टाकतात. नाताळची सुटी परदेशी नगरात घालवणे ही एके काळी मुंबईतील मोजक्या धनिकांची चैन होती. ती आता मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण तालुक्यात, मूठभर घरांपुरती का होईना, येऊन पोचली आहे.

या प्रकाराकडे पाहून नाके मुरडणारे दोन पंथ गावात आहेत. पहिल्या पंथाचे म्हणणे असे की, परधर्मीयांच्या सणाला आपण कशाला जावे, आपल्याकडे सणांची काय वाण आहे? दुसऱ्या पंथाचा रोख खर्चावर असतो. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथील माणसाने विमानाच्या तिकिटावर लाखांनी रुपये उधळावेत हे त्याला रुचत नाही. पहिल्या आक्षेपाला मी फारशी किंमत देत नाही, कारण दुसऱ्याच्या घरचे मंगल पाहिल्याने आपला देव बाटत असता तर आमच्या गावच्या आलमप्रभूच्या यात्रेत जातपात न विचारता लोटणारा समुदाय कधीच बाटला असता. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण ज्याने स्वकष्टाने मिळवले त्याला ते कोठे खर्चावे हे सांगण्याचा अधिकार गावाने आपल्याकडे घेऊ नये, असे माझे मत आहे.

माझी तक्रार निराळी आहे. नाताळात परदेशी जाणारा आपला माणूस बहुधा नाताळ पाहतच नाही. तो रोषणाई पाहतो, दुकाने पाहतो, झाडाखाली उभा राहून छायाचित्र काढतो, आणि ज्या दिवसासाठी हा सारा थाट मांडलेला असतो नेमक्या त्या दिवशी, सगळे नगर दारे लावून आपापल्या घरी बसलेले असताना, हा निवासगृहाच्या खोलीत चिवडा खात बसतो आणि परत आल्यावर सांगतो की तिकडे पंचवीस तारखेला काहीच नसते. गिऱ्हाईक म्हणून गेलेल्याला पेठ बंद झाली की जग संपल्यासारखे वाटते. परक्या गावचा सण पाहुणा होऊनच पाहता येतो. आणि पाहुणा होण्याची ही विद्या आपल्या लोकांना मुळीच अपरिचित नाही, किंबहुना नाताळच्या सुटीतच ती आपण पूर्वी शिकलेलो आहोत, असे मला वाटते.

इतिहासात थोडे मागे गेले म्हणजे हे ध्यानी येईल. राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन 1885 सालच्या 28 डिसेंबरास मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, आणि त्यास अवघे 72 प्रतिनिधी हजर होते. मूळचा बेत पुण्याचा होता, पण तेथे पटकीची साथ उद्भवल्यामुळे ऐन वेळी मुक्काम हलवावा लागला. हाच आठवडा मुक्रर करण्यामागे राज्यकर्त्यांच्या धर्मसणाविषयी कोणास विशेष आस्था होती असे मुळीच नाही. त्या आठवड्यात न्यायालये बंद, कचेऱ्या बंद, पाठशाळा बंद. आणि सार्वजनिक कामात पडणारे बहुतेक लोक वकील, संपादक नाहीतर शिक्षक असल्यामुळे, साहेब आपल्या मेजवानीत गुंतलेला असताना त्याच्याच सुटीत त्याच्या कारभाराचा पंचनामा करण्याची ही सोय होती. पुढे हा शिरस्ताच पडला. 1897 साली अमरावती, 1907 साली सुरत, जेथे नेमस्त आणि जहाल यांच्या वादात व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला, 1929 साली लाहोर, 1936 साली खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून गाजलेले फैजपूर, ही सारी डिसेंबरच्या अखेरीस भरली. न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषदही 1887 पासून याच दिवसांत, पुष्कळदा त्याच मांडवात भरत असे. जवळजवळ अर्धे शतक सुशिक्षित मराठी माणसाने आपला नाताळ असा परगावी घालवला आहे, आणि त्या काळच्या पुणेकराला किंवा वऱ्हाडकराला मद्रास, कलकत्ता, लाहोर ही नगरे आजच्या लंडन-सिंगापूरहून कमी परकी होती असे म्हणवत नाही. भाषा निराळी, अन्न निराळे, हवा निराळी.

त्या प्रवासांतील एक प्रसंग मला या विषयात फार उद्बोधक वाटतो. 1901 च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या अधिवेशनासाठी आलेल्या प्रतिनिधींची उतरण्याची व्यवस्था रिपन कॉलेजात केली होती, आणि लोकमान्य टिळकांचा मुक्कामही तेथेच होता. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच आलेले, अद्याप फारसे कोणास ठाऊक नसलेले गांधी तेथे पोचले तो शौचकूपांची दशा त्यांना पाहवेना. स्वयंसेवकांना विचारले तर ते भंग्याचे काम असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी झाडू मागून घेतला आणि आपल्यापुरती जागा साफ केली. पाहुणा कोणास म्हणावे याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. यजमानाच्या घरात काय कमी आहे हे पाहून त्याला बोल लावणारा तो पाहुणा, अशी समजूत आपल्याकडे विशेषतः वरपक्षात रूढ आहे, तिचे निराकरण यातून व्हावे.

पाहुणचाराची दुसरी बाजू यजमानाची, आणि तीही नाताळातच दिसली. 1927 च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरवण्यासाठी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरी उतरले आणि तेथून पुढे गेले. परिषदेच्या मांडवाला गावात जागा मिळेना. ती शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली, आणि त्या जागेवर 25 डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या गावाने अस्पृश्यांना तळ्याचे पाणी नाकारले त्या गावात एका माणसाने आपली जमीन उघडी केली, एवढ्यावर एक युगप्रवर्तक घटना उभी राहिली. नाताळची सुटी नसती तर दूरदूरचे नोकरदार तेथे जमले असते का, याचाही विचार करण्यासारखा आहे.

आमच्या बाजूची हकीकत थोडी वेगळी. भूम 1948 च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, आणि त्या राज्यात आठवड्याची सुटी शुक्रवारी. तासाभराच्या वाटेवरची बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, तेथे रविवार. बाजारासाठी बार्शीला जाणारा आमचा माणूस मुलखाची हद्द ओलांडता ओलांडता सुटीचीही हद्द ओलांडत असे. कोणता दिवस विश्रांतीचा हे आभाळातून ठरून येत नाही, राज्यकर्ता ठरवतो, हे शहाणपण सरहद्दीवरच्या माणसाला शाळेत न जाताही कळलेले होते.

समुद्रापलीकडे गेलेल्यांची गोष्ट यानंतर पाहावी. आनंदीबाई जोशी 1883 च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे, पती बरोबर नव्हते, आणि त्यांना उतरून घेण्यास आलेल्या श्रीमती कार्पेंटर यांची त्यांच्याशी तोवर केवळ पत्रांची ओळख. न्यू जर्सीतील रोझेल येथे या बाईंच्या घरी त्या राहिल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 च्या मार्चमध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा पंडिता रमाबाई त्या समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पुढल्याच वर्षी, 26 फेब्रुवारीला, आनंदीबाई निवर्तल्या. त्यांची रक्षा अमेरिकेस गेली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. पत्रातून झालेली मावशी मरणानंतरही मावशीच राहिली. परमुलखात राहण्याचे याहून मोठे फळ कोणास मिळाले असेल असे मला वाटत नाही, आणि त्यात एका तरी दुकानाचा संबंध आहे काय?

लंडनला ज्यांना अशी मावशी भेटली नाही त्यांनी आपल्यापुरते घर उभारले. तेथील महाराष्ट्र मंडळ 1932 साली तात्यासाहेब केळकरांच्या पुढाकाराने स्थापन झाले. आज त्याची वास्तू डॉलिस हिल भागात आहे, आणि गणपती, दिवाळी, संक्रांत हे सण तेथे होतात. उत्तर लंडनात किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, जेथे 1921-22 साली डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने 2015 साली खरेदी करून स्मारक केले; आपल्याकडचे कित्येक लोक तेथे माथा टेकवून येतात. त्या घरासमोर उभे राहिले की डिसेंबरातील लंडनचा अंधार, सकाळी आठ वाजता उजाडणारा आणि चार वाजण्याच्या आधीच मावळणारा दिवस, आणि ग्रंथालये बंद असताना खोलीत एकटा बसलेला परदेशी विद्यार्थी, यांची कल्पना मनात आल्यावाचून राहत नाही.

मी स्वतः लंडनला नाताळ घालवला तो मुलीकडे. ती तेथील एका सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. निघताना कुंथलगिरीचा पेढा न्यावा असा माझा आग्रह होता. आमच्या तालुक्याची अब्रू ती, आणि त्या खव्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालेले. परंतु हिंदुस्थानातून दुधाचे पदार्थ आणण्यास त्या देशात सक्त मनाई आहे, सबब मुलीने दूरध्वनीवरूनच फर्मान काढले आणि बांधलेला खोका पुन्हा सोडावा लागला. शेंगदाण्याची चटणी मात्र कायद्याच्या तावडीतून सुटली. ती दोन पुडक्यांत नेली.

चोवीस तारखेच्या दुपारपर्यंत त्या नगराला जणू दुष्काळाची वार्ता लागली होती. लोक पाव, दूध, बटाटे यांच्या राशी ढकलगाडीत घालून पळत होते, आणि संध्याकाळ होता होता सारे चिडीचूप झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्यावर आलो तो खरोखरच चकित झालो. नव्वद लाखांच्या आसपास वस्तीचे हे नगर, पण भुयारी गाडी बंद, बस बंद, आगगाडी बंद. नाताळच्या दिवशी लंडनची सार्वजनिक वाहने धावतच नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 साली खास कायदा करून 280 चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना त्या दिवशी दार उघडण्याची बंदी केलेली आहे. कोपऱ्यावरचे एक लहान दुकान तेवढे उघडे होते. गल्ल्यावरचा म्हातारा गुजराती होता, आणि मी न विचारताच म्हणाला, कुठले, सोलापूरकडचे का? टोपीवरून ओळखले असावे.

मुलीने त्या दिवशी कामावर जाणे आपण होऊन पत्करले होते. मला ते खटकले; बाप सात समुद्र ओलांडून आला आणि ही चालली रुग्णालयात. तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझी रात्रपाळी ज्या बाईनं घेतली, तिच्या घरी आज माणसं जेवायला यायचीत. तिनं कामावर जायचं आणि मी घरी बसायचं होय?" या जबाबावर मला उलटतपासणी सुचली नाही. त्या रुग्णालयात हा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे: ज्यांचा नाताळ नाही ते नाताळची पाळी घेतात, ज्यांची ईद किंवा दिवाळी नाही ते त्या दिवशीची, आणि त्याचा लेखी हुकूम कोणी काढलेला नाही.

पलीकडच्या घरातील वृद्ध बाईने आदल्या आठवड्यात दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकली होती की, तुमचे वडील एकटे असतील तर दुपारी आमच्याकडे यावेत, आणि ते काय खात नाहीत ते मात्र कळवावे. त्याप्रमाणे गेलो. टेबलाशी तिची दोन मुले, सुना, एक नातू आणि मी. प्रत्येकाच्या ताटाशी रंगीत कागदाची एक नळी ठेवलेली. तिचे एक टोक आपण धरायचे, दुसरे शेजाऱ्याने, आणि दोघांनी ओढायचे. टिकलीसारखा आवाज होऊन ती फाटते व तीतून कागदी मुकुट, एक चिल्लर खेळणे आणि एक अतिशय पडेल विनोद लिहिलेला चिटोरा बाहेर पडतो. मुकुट डोक्यावर घालूनच जेवायचे असा रिवाज. माझ्या डोक्यावर टोपी, ती काढणे मला प्रशस्त वाटेना. तेव्हा नातवाने तो हिरवा मुकुट टोपीवरूनच चढवला, आणि त्या वेशात मी भाजलेले बटाटे, लहान लहान कोबीचे गड्डे आणि माझ्यासाठी वेगळा केलेला काजू-अक्रोडांचा वड्यासारखा एक पदार्थ खाल्ला. शेवटी येणाऱ्या काळ्या गोड गोळ्यात पूर्वापार गुरांची चरबी घालतात. बाईने यंदा वनस्पतीची घातली असल्याचे मला दोनदा सांगितले, आणि खात्रीसाठी डब्यावरचा कागद जपून ठेवला होता तो चष्मा लावून वाचून दाखवला. आमची चटणी तिने बटाट्यावर घेतली. डोळ्यांतून पाणी काढले, आणि पुन्हा घेतली.

तीन वाजता सगळ्यांनी राजाचे भाषण ऐकले. ही प्रथा मला पुरातन वाटली होती, पण तिचा आरंभ 1932 सालचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्र मंडळाच्याच वयाचा. पंचम जॉर्जने नभोवाणीवरून केलेले ते पहिले भाषण लिहून दिले होते रड्यार्ड किप्लिंगने, जो मुंबईत जन्मलेला. एकूण त्या सणातील बहुतेक गोष्टी आपण समजतो तितक्या जुन्या नाहीतच. 1647 साली प्युरिटनांच्या पार्लमेंटाने नाताळ पाळण्यालाच मनाई केली होती. शोभेचे झाड राणी व्हिक्टोरियाच्या जर्मन नवऱ्यामुळे लोकांत रुजले, आणि 1848 साली एका सचित्र साप्ताहिकात राजकुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आल्यावर घरोघर पोचले. छापील शुभेच्छापत्र आणि डिकन्सची ती प्रसिद्ध नाताळकथा, दोन्ही 1843 ची. स्कॉटलंडात तर 25 डिसेंबरला सार्वजनिक सुटी 1958 पर्यंत नव्हती. ट्रॅफल्गार चौकातील उंच झाड दरवर्षी नॉर्वेतून येते, महायुद्धात मिळालेल्या साहाय्याची कृतज्ञता म्हणून, आणि हा शिरस्ता 1947 पासूनचा. परंपरा म्हणजे अनादि काळापासून चालत आलेली वस्तू, ही आपल्याकडच्या कीर्तनकारांची व पुढाऱ्यांची लाडकी समजूत. आजोबांच्या हयातीत सुरू झालेली रीत नातवाला सनातन वाटते, एवढेच तिचे मर्म आहे.

परत आल्यावर पुष्कळांनी विचारले, सारे गाव असे बंद ठेवण्याचा कायदा आपल्याकडेही करावा काय? जर्मनीत रविवार आणि मान्य सण हे श्रमविश्रांतीचे दिवस म्हणून घटनेनेच रक्षिलेले आहेत. 1919 च्या वायमार घटनेतील ते कलम आजच्या घटनेत कायम ठेवले आहे. आपल्या राज्याने 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने उलट वाट धरली. दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्यास मुभा असावी, नोकराला मात्र आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी, असा त्याचा मथितार्थ. मला विचाराल तर सगळी पेठ एकदम बंद करण्याचा आग्रह आमच्या मुलखात चालणार नाही. म्हैस सण पाहून आटत नाही. सकाळचे दूध सकाळीच भट्टीवर चढले पाहिजे, दिवाळी असो की शिमगा. भट्टीवाल्याला सुटी द्यायची तर त्याच्या जागी दुसरा उभा राहिला पाहिजे, आणि येथेच मुलीच्या रुग्णालयातील ती अदलाबदल मला सर्वांत अनुकरणीय वाटते. एस.टी.चा वाहक, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, पोलिस ठाण्याचा अंमलदार, वीज मंडळाचा तारतंत्री, यांच्यात निरनिराळ्या धर्मांची माणसे आहेत. ईदेची पाळी हिंदूने आणि लक्ष्मीपूजनाची मुसलमानाने घेण्याचा प्रघात काही ठिकाणी आपसांत चालतोही. तो प्रत्येक खात्याने राजरोस मान्य करावा, त्यासाठी रजेच्या अर्जात एक रकाना वाढवावा, यात सरकारी तिजोरीला एका छदामाची तोशीस नाही.

आणि पाहुणे आपल्याकडेही येतात, याचा विसर पडून कसे चालेल? पुण्याच्या विद्यापीठात आणि महाविद्यालयांत आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून कितीतरी विद्यार्थी शिकायला येतात. दिवाळीत खाणावळी बंद, वसतिगृहे ओस, रस्त्यावर फटाके; त्या चार दिवसांत ही मुले काय खातात, हे पुण्यातील किती कुटुंबांनी विचारले असेल? ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना नाताळात एखाद्या कुटुंबाकडे बोलावण्याची रीतसर योजना वर्षानुवर्षे चालत आली. आपल्याकडे लाडू-चिवड्याचे डबे घरोघर फिरतात, पण ओळखीच्याच घरी. आमच्या जिल्ह्याने एक पाहुणचार मात्र नेटाने केला, तो सांगितला पाहिजे. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादेस भरलेल्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईचे धर्मगुरू, मराठीत बायबल उतरवणारे लेखक. त्यांच्या निवडीवर काहींनी गदारोळ केला; जिल्ह्याने तो कानाआड केला आणि संमेलन पार पडले. नाताळ पाहायला लंडनच गाठले पाहिजे असे नाही, हे यावरून सुचावे. वसईच्या गावांतील नाताळ मराठीच्याच एका बोलीत होतो, आणि तेथे जायला पासपोर्ट लागत नाही.

याहून जवळचा पाहुणाही आहे, आणि त्याच्याविषयी बोलताना आमचा आवाज खाली येतो. आमच्याच तालुक्यातील शेकडो कुटुंबे पंचवीस डिसेंबरला परक्या गावाच्या शिवारात पाचटाच्या कोपीत असतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्यांना ना रविवार, ना नाताळ, ना संक्रांत. नवराबायको मिळून एक कोयता, आणि पहाटे चारला मोळी बांधायला निघालेल्या आईच्या पाठीमागे कोपीत निजलेले पोर. ते ज्या गावात उतरले आहेत तेथील बागायतदारांची मुलेही त्याच आठवड्यात सिंगापूरला गेलेली असतात. त्या गावातील एखाद्या घराने आपल्या सणाला कोपीवरच्या मुलांना पंक्तीला बसवले, असे आमच्या टोळीवाल्यांकडून क्वचित ऐकायला मिळते. आणि ज्यांनी बसवले त्या घरांचे नाव ते वर्षानुवर्षे घेतात. भूममधून जाणाऱ्यांची एवढी काळजी परगावाने घ्यावी अशी अपेक्षा करायची, तर भूमला येणाऱ्या परप्रांतीय गवंड्याला, भट्टीवरच्या मजुराला आम्ही काय देतो हेही पाहावे लागेल.

यंदा परदेशी निघालेल्यांपैकी दोघेतिघे गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे सल्ल्याला आले. त्यांना मी सांगितले ते असे: पंचवीस तारखेस उतरेल असे विमान घेऊ नका, वीस तारखेच्या आत पोचा. जर्मनीला जाणाऱ्याने तर विशेष जपावे, कारण ते नाताळचे बाजार, ज्यांपैकी ड्रेस्डेनचा 1434 पासून भरतो, बहुतेक चोवीस तारखेपर्यंत आटोपलेले असतात आणि आपली मंडळी पोचतात तेव्हा खांब उपटण्याचे काम चालू असते. चोवीस तारखेच्या दुपारच्या आत दूध, पाव, भाजी घरात आणून ठेवा. खव्याचा पदार्थ बॅगेत भरू नका, चटणी भरा. मुलाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे पाठ करून जा, आणि कोणी जेवायला बोलावले तर बायकोशी मसलत करण्यात वेळ न दवडता हो म्हणा. त्यांतील एकाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पण मास्तर, कोणी बोलावलंच न्हाई तर?" त्याला म्हटले, मग तुम्ही बोलवा, शेजारच्या घरी जाऊन सांगा की सव्वीस तारखेला आमच्याकडे पिठलं-भाकरी आहे.